सात कुर्ल्यांचा पडदा

माझा पडदा गेला त्या दिवशी अख्खं गाव पडदे पांघरून रस्त्यावर उतरलं होतं. आता शोधा!

गावाचं नाव लिहीत नाही. माझ्या सुनेला तिथे राहायचंय, आणि मलाही पुन्हा जायचंय. हॉलंडच्या दक्षिणेला, ब्रेडाच्या पुढे, खाडीकाठचं गाव, एवढं पुरे. माझा मुलगा आशुतोष ब्रेडात ऑफिसला जातो. कॉम्प्युटरचं काम. सून मंजूषा घरून कुणाकुणाचे हिशेब बघते. मी हर्णैची. शाळा चौथीपर्यंत. पण माणूस दारात उभं राहिलं की काय मागायला आलंय ते मला चपला बघून कळतं.

दर वर्षी फेब्रुवारीत चार दिवस त्या गावाला शिमगा चढतो. त्यांच्या धर्मात पुढे चाळीस दिवसांचा उपास असतो. तो लागायच्या आत खाऊन, पिऊन, बोंबलून घ्यायचं. त्याला कार्निव्हल म्हणतात. दुसऱ्या गावांत म्हणे लोक दुकानातून झगमगीत पोशाख आणतात. ह्या गावात विकतचं काही घातलं तर शेजारी ओळख देत नाहीत. इथला मान जुन्या जाळीच्या पडद्याला. खिडकीचा पडदा काढायचा, खांद्यावरून घ्यायचा, पिना टोचायच्या, डोक्यावर आजीची टोपी, झाली तयारी. आशुतोष सांगतो, एके काळी इथे खायचे वांधे होते. सोंगाला कापड कुठून आणणार? मग बायकांनी खिडक्या उघड्या टाकल्या आणि पडदे अंगावर घेतले. गरिबी गेली, पडदे राहिले.

दुसरा मान खेकड्याला. पूर्वी तिथे बंदर होतं, खाडीतले खेकडे धरून लोक पोट भरायचे. शेजारच्या गावांनी त्यांना खेकडे म्हणून हिणवलं, तर ह्यांनी तोच खेकडा निशाणावर चढवला. पुढे सरकारने बांध घालून समुद्र अडवला, बंदर बुजवलं. आता तिथे गाड्या उभ्या करतात. खेकडा मात्र कार्निव्हलला प्रत्येक दुकानाच्या काचेवर, पुठ्ठ्याचा, कागदाचा, बेकरीत तर पावाचा.

हे सांगताना आशुतोष हसत होता. मी हसले नाही.

लहानपणी माझा पाय मोडला आणि वाकडा बसला. मी जरा आडवी चालते. लग्न होऊन आले त्या दिवशी सासूने चार बायकांत म्हटलं, “सून आणायला पाठवलं होतं, कुर्ली घेऊन आले.” आमच्याकडे खेकड्याला कुर्ली म्हणतात. नाव चिकटलं. सासरे, दीर, जावा, पोरंटोरंसुद्धा कुर्लीच म्हणायची. तोंडाने उत्तर द्यायची तेव्हा सोय नव्हती. मी क्रोशाची सुई घेतली. दोन वर्षं लागली. पुढच्या दाराचा पडदा विणला आणि खालच्या काठाला सात कुर्ल्या काढल्या, डेंगे, म्हणजे नांग्या, वर उगारलेल्या. सासरची माणसं सात होती. सासूला येता-जाता तो पडदा स्वतःच्या हाताने सारावा लागायचा, आणि येणारी प्रत्येक बाई विचारायची, “हे काय हो, कुर्ल्या का?” सांगणार काय? वादळात घराचे पत्रे उडाले तेव्हा मी आधी पडदा काढला, मग गॅसची टाकी हलवली.

तो पडदा जानेवारीत आशुतोषच्या घरासाठी घेऊन गेले. मंजूषाने उलगडला, “छान आहे हं, आई,” म्हणाली आणि घडी घालून माझ्याच बॅगेत ठेवला. तिच्या खिडक्यांना राखाडी पट्ट्या आहेत. दोरी ओढली की दवाखान्यासारखा उजेड येतो. तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली बाई पडद्यावरून भांडत नाही. निदान पहिल्या आठवड्यात नाही.

समोरच्या घरात कॉरी राहते. शहात्तर वर्षांची, ताडासारखी उंच, एकटी. गेल्या गेल्या मी सुके बोंबील खिडकीत उन्हाला ठेवले, तर ही दार वाजवून वास येतो म्हणून सांगायला आली. खाडीकाठी जन्मलेल्या बाईला बोंबलाचा वास येतो! त्या दिवसापासून मी तिच्याकडे बघून मान हलवली नाही, आणि तिनेही नाही.

आता कार्निव्हलच्या आधीच्या गुरुवारचं सांगते. घरात मी एकटी होते. जिन्याखालच्या कपाटात झाडायला गेले तर कागदी पिशवीत जाळीचं एक कापड निघालं. पिवळं पडलेलं, विरलेलं, आणि मधोमध आडवी तपकिरी रेघ, वाळलेल्या चिखलाची असावी तशी. कुबट वास. माझ्या सुनेकडून जुनं फेकवत नाही आणि धुववतही नाही. मी ब्लीच घालून ते स्वच्छ धुतलं, वाळवलं आणि कापून त्याची आठ फडकी केली. एकाने शेगडी पुसली. तेलकट झालं, कचऱ्यात टाकलं. उरलेली सात घडी घालून सिंकखाली ठेवली. संध्याकाळी मंजूषा काही बोलली नाही. मी म्हटलं, बघा, कौतुकाचा एक शब्द नाही.

शनिवारी कार्निव्हल सुरू झाला. गाड्या बंद, रस्त्यावर ढोल. शाल काढायला मी बॅग उघडली आणि पडदा नव्हता.

मंजूषा आरशासमोर गालाला लाल रंग लावत होती.

“माझा पडदा कुठाय?”

तिचा हात थांबला. “आई, मी सांगणारच होते.”

“कधी? मी विमानात बसल्यावर?”

“कॉरींना दिलाय. फक्त चार दिवस, आई. बुधवारी परत मिळणारेय.” मग ती भरभर बोलायला लागली. त्या गल्लीची रीत आहे. नवी बाई पहिल्यांदा मिरवणुकीत चालते तेव्हा गल्लीतली सर्वांत जुनी बाई आपला पडदा तिला देते, आणि तिचा आपण घेते. “माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं. मग तुमचा दाखवला. कुर्ल्या बघून त्यांचे डोळेच मोठे झाले. आई, त्यांनी मला त्यांच्या आईचा पडदा दिलाय! अख्ख्या गल्लीत तो कुणाला हात लावू देत नाहीत. जिन्याखाली ठेवलाय, उद्याच्या मिरवणुकीसाठी.”

जिन्याखाली.

सिंकखाली त्याची सात फडकी होती. चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. एवढंच मनात आलं की आधी माझा हातात घ्यायचा. तो हातात आला की मग पुढचं पुढे. त्या बाईला आधी कळलं तर ती माझ्या कुर्ल्यांना कात्री लावेल. मी लावली असती.

“ऊठ. माझा पडदा आत्ताच्या आत्ता आणायचा.”

“आई, आज? सगळे चौकात आहेत. असं परत मागायचं नसतं, प्लीज.”

“न विचारता उचलायचं असतं?”

आशुतोष मध्ये पडला. “अगं आई, चारच दिवस तर...”

“तू गप्प राहा. सासऱ्यांसारखा दिसायला लागलायस.”

गेलो. मी पुढे, मंजूषा मागे, एका गालाला रंग लावलेली. चौकात मुंगीला वाट नव्हती. जिकडे बघावं तिकडे पडदे. पांढरे, पिवळट, झालरीचे, फुलांचे, बदकांचे. एका म्हाताऱ्याने दोन पडदे घेतले होते आणि खांद्यावर पडद्याची दांडीसुद्धा. पुरुष निळ्या सदऱ्यांत, गळ्यात लाल चौकड्याचे रुमाल, हातात बिअरचे पेले. बेसूर बाजा. आमच्याकडे शिमग्यात संकासुराचं सोंग येतं, पोरं पळतात, बोंब मारतात, पण बोंब कुणाच्या नावाने आहे ते गावाला ठाऊक असतं. इथे उगाच आरडाओरडा आणि एकमेकांच्या गळ्यात पडणं. एक बाई माझ्याही गळ्यात पडायला आली. मी कोपर पुढे केलं.

“आई, सावकाश, पाय...”

“पायाचं तू नको बघू. पडदे बघ.”

सात कुर्ल्या मी शंभर पावलांवरून ओळखल्या. बुजवलेल्या बंदरावर लाकडी मंच होता, त्याच्या पायरीजवळ कॉरी उभी. अंगावर माझा पडदा. पाठीवर कुर्ल्या डेंगे उगारून, आणि चार-पाच म्हाताऱ्या बोट लावून लावून बघतायत. एकजण तर कुर्लीच्या डोळ्यात बोट घालत होती. खांद्यावर कॉरीने पितळी बिल्ला टोचला होता. माझ्या विणीत भोक पाडून.

मी तिच्यासमोर उभी राहिले. “सांग हिला, काढ म्हणावं.”

मंजूषा त्यांच्या भाषेत काहीतरी गोड आवाजात लांबच लांब बोलली. कॉरी हसली आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

“काय सांगितलंस?”

“की... तुम्हाला पडदा बघायचा होता.”

“मंजूषा, मी बोलले तेच सांग. चोरीचा माल अंगावर घेऊन नाचायला लाज वाटत नाही का, विचार.”

“आई!”

“विचार.”

तिने विचारलं. नक्कीच मऊ करून विचारलं, तीनच शब्द होते. पण कॉरीचं हसू गेलं. ती वाकली, माझ्या तोंडाजवळ तोंड आणून बोलली. मंजूषा खाली बघून सांगत गेली.

“त्या म्हणतात, चोरी नाही, अदलाबदल. म्हणतात, तुम्ही बोंबील वाळवता तेव्हा मी काय सोसते ते मलाच माहीत, तरी ह्या मुलीसाठी मी माझ्या आईचा पडदा काढून दिला. असं मी आजवर कुणासाठी केलं नाही. त्रेपन्न साली समुद्र बांध फोडून गावात शिरला. मी चार वर्षांची होते. दोन रात्री माळ्यावर बसून काढल्या. पाणी गेलं तेव्हा घरात काही उरलं नव्हतं, खिडकीला हा पडदा लटकत होता. पाणी जिथवर चढलं तिथे त्याच्यावर चिखलाची रेघ. आईने ती रेघ कधी धुतली नाही. पुढल्या वर्षी कार्निव्हलला तोच पांघरून नाचली. लोक म्हणाले, लाज नाही हिला. आई म्हणाली, पाणी गेलं, मी आहे.” मंजूषाने आता माझ्याकडे बघितलं. “त्या म्हणतात, तुम्हाला तुमचा हवा ना? खुशाल घ्या. माझा आणा आणि घेऊन जा.”

बाजा वाजत होता. कॉरी हात पसरून उभी होती.

खोटं बोलता आलं असतं. घरी आहे, बुधवारी देते, म्हणता आलं असतं. बुधवारपर्यंत काहीही सुचतं माणसाला. पण माझ्यासमोर उभी राहून कुणी मला माझं तोंड लपवायला लावावं, हे मी सासूच्या हातूनही होऊ दिलं नव्हतं.

“सांग तिला,” मी म्हटलं, “तिचा पडदा मी कापला. गुरुवारी. ब्लीच घालून धुतला आणि फडकी केली. मला माहीत नव्हतं.”

मंजूषा गर्रकन वळली. माझ्याकडे बघत राहिली. तिलाही ते तेव्हाच कळत होतं.

“सांग.”

“आई, तुम्ही काय बोलताय?”

“जे केलं ते बोलतेय. एक फडकं कचऱ्यात गेलं, तेही सांग.”

तिने सांगितलं. तिच्या तोंडून ते शब्द कसे निघाले ते मला कळलं नाही, भाषाच कळत नाही. कॉरीचा चेहरा मात्र कळला. तिने हात खाली घेतला. ओरडली नाही. माझ्या वाकड्या पायाकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि पाठ फिरवून गर्दीत शिरली. सात कुर्ल्या हलत हलत गेल्या.

घरी आल्यावर मंजूषाने दार लावलं आणि मग बोलली, हळू आवाजात. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

“सहा वर्षं मी ह्या गल्लीत राहतेय, आई. हाय, बाय, पाऊस पडतोय, एवढंच. पहिल्यांदा कुणी दार वाजवून म्हणालं, आमच्याबरोबर चल. पहिल्यांदा. आणि तुम्ही त्याची फडकी केलीत.”

“तू न विचारता...”

“हो, उचलला! तुम्ही दिला असता? एकदा तरी काही हसत दिलंत मला?”

“तू एकदा तरी काही लावलंस खिडकीला?”

आशुतोष म्हणाला, “चहा करू का?” दोघींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर पडला.

मी त्याला हाक मारून पिशवी परत आणवली. जमिनीवर ओतली. ते आठवं फडकं त्यात नव्हतं, शुक्रवारची गाडी घेऊन गेली होती. मग सिंकखालची सात काढली, खिडकीशी बसले आणि सुई हातात घेतली.

रविवारी मिरवणूक आमच्या खिडकीखालून गेली. मंजूषा खोलीत दार लावून पडून होती. गल्लीतल्या बायका रांगेत चालत होत्या आणि मध्ये एका माणसाची जागा रिकामी ठेवली होती. कॉरी माझ्या कुर्ल्या घेऊन पुढे. आमच्या घरासमोर तिने मान वर केली. मी सुई थांबवली नाही. तिने बघावं, माझ्या मांडीवर काय आहे ते बघावं, म्हणून दिवा लावून बसले होते.

सात तुकडे साखळीच्या टाक्याने जोडले, काठाला उभे खांबाचे टाके घातले. त्यांची वीण बारीक, माझा दोरा जाड. सांधा लपत नव्हता. लपवायचा नव्हताच. आठव्या तुकड्याची जागा उरली, तिथे त्यांची नक्षी काढायला बघितली, दोनदा उसवली. परक्या बाईच्या आईचा हात मला येत नाही. शेवटी तिथे एक कुर्ली घातली. आठवी. रेघ मात्र कुठून आणणार? चहाचं पाणी लावून बघ, असं आशुतोष म्हणाला. त्याला म्हटलं, मी नकली माल विकत नाही.

मंगळवारी संध्याकाळी मंजूषा बाहेर आली. माझ्यामागे उभी राहून बघत होती.

“तिथे दोरा सुटलाय, आई,” म्हणाली.

“डोळे आहेत मला,” म्हटलं. पण सुटला होता.

बुधवारी उपास लागला. रस्त्यावर कागदाचे तुकडे भिजून चिकटलेले, गावाची नशा उतरलेली. मी पडदा घेऊन समोर गेले, मंजूषाला बरोबर घेतलं. कॉरीने दार उघडलं. कपाळावर राखेचा क्रूस, त्या दिवशी चर्चमध्ये लावतात तसा. मागे टेबलावर खारवलेला मासा. वास येत होता. मी नाक मुरडलं, तिने बघितलं.

तिने पडदा हातात घेतला, उजेडात धरला. एकेक तुकड्यावरून अंगठा फिरवत गेली. मधोमध थांबली, जिथे ती रेघ असायची. तिथेच अंगठा घासत राहिली. मग कुर्लीपाशी आली आणि काहीतरी बोलली.

“त्या म्हणतात, आईच्या पडद्यात खेकडा नव्हता.”

“आता आहे म्हणावं.”

मंजूषाने ह्या वेळी मऊ केलं नाही, जसंच्या तसं सांगितलं असावं. कॉरीने माझ्याकडे बघितलं आणि दार लावलं. जोरात. नाक थोडक्यात वाचलं.

दुपारी आमच्या दाराच्या मुठीला पिशवी अडकवलेली होती. आत माझा पडदा, घडी न घालता कोंबलेला. बिल्ल्याचं भोक तसंच. दुसऱ्या आणि तिसऱ्या कुर्लीच्या मध्ये हाताएवढा बिअरचा डाग.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर कॉरीच्या पुढच्या खिडकीत तिचा पडदा. आणि कसा लावलाय? सांधे बाहेरच्या बाजूला, माझी आठवी कुर्ली बरोबर आमच्या दाराकडे. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारावं, हे काय, असं का? आणि तिने सांगावं. पोस्टमन थांबला, त्याला सांगितलं. कुत्रं फिरवणारी बाई थांबली, तिला तर हात उंचावून आमच्या घराकडे बोट दाखवून सांगितलं.

ही विद्या मला शिकवते! मी स्टूल ओढलं.

मंजूषाने राखाडी पट्ट्या स्वतः उतरवल्या. मी सांगितलं नव्हतं. पडदा लावायला दांडी धरली आणि म्हणाली, “काल त्या कुंपणाशी भेटल्या. म्हणाल्या, पुढच्या वर्षी तू चालायचंच, पण सासूला भारतात ठेव.”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, विचारून बघते.”

“फेब्रुवारीचं तिकीट काढायला सांग आशुतोषला.”

ती हसली नाही, पण दांडी नीट सरळ धरली. सात कुर्ल्या डेंगे उगारून रस्त्याकडे तोंड करून लागल्या. समोर पडदा हलला. बघत होती, मला माहीत होतं.

“आई, हा डाग?” मंजूषाने बोट लावलं. “आधी धुऊन मग लावूया का?”

“हात लावू नकोस त्याला.”

“अहो, पण दिसतोय केवढा.”

“दिसू दे. कुणी विचारलं तर सांगायला बरा पडतो, बघा ह्या बाईने काय केलं ते.”

एप्रिलमध्ये मी परत आले. निघताना मंजूषाला बजावलं, पडदा उतरवायचा नाही, धुवायचा तर मुळीच नाही. फोनवर दर रविवारी विचारते. ती म्हणते, “आहे, आई. डाग आहे तसाच आहे.”